जात्यावरून दरबारात: बिदर-कलबुर्गीची गाणारी वाट

सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग मागं पडतं, मग उमरगा, आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्या कन्नड होतात. बाकी काहीच बदलत नाही. मार्गशीर्षातली तूर दोन्हीकडे शेंगांनी लगडलेली असते, ज्वारीची कणसं निसवत असतात. चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक मराठीत चहा मागतं, मालक पोऱ्याला कन्नडमध्ये हाक मारतो आणि पैशांचा हिशोब दखनीत होतो. हैदराबाद संस्थानातला जुना बिदर जिल्हा 1956 साली तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात आले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्याला मिळाले. माणसांच्या जिभांची वाटणी मात्र झाली नाही.

मी या भागात आले ती जॅझच्या नादानं. हे ऐकून कुणालाही नवल वाटेल, कारण इथे जॅझचा क्लब नाही. पण जॅझचा इतिहास वाचताना एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला होता.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं बंदर. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी, कॅरिबियन असे सगळे लोक तिथे एका गावात राहत. गुलामीतले आफ्रिकी लोक रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत जमत, ढोल वाजवत, नाचत. मळ्यावर राबताना एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशी कामाची गाणी होती. चर्चमधली भजनं होती. लष्करी बँडांची पितळी वाद्यं होती. या सगळ्यांतून विसाव्या शतकाच्या तोंडावर जॅझ उभं राहिलं आणि तिथून जगभर गेलं. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळातल्या गोमंतकीय वादकांनी हे संगीत कानात साठवलं. आल्दोना गावचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं गाजला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी 1951 च्या 'अलबेला'त त्याच्या वादनाचा असा उपयोग केला की मराठी घराघरांतल्या रेडिओवर जॅझचा ठेका वाजू लागला, ऐकणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसताना.

माझा प्रश्न याच्या मागचा होता. कामाचं गाणं, देवाचं गाणं आणि दरबारातलं गाणं एकमेकांत मिसळावं, त्यांतून नवं काही उगवावं, अशी जमीन आपल्याकडे कुठे आहे? पुण्या-मुंबईत मला त्याचं उत्तर मिळत नव्हतं. ते या सीमेवर आहे असं मला वाटत होतं, आणि प्रवासानं ते वाटणं पक्कं केलं.

सस्तापूर बंगल्याला हमरस्ता सोडला की बसवकल्याण येतं. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वरानं चालुक्यांची राजधानी मान्यखेटहून इथे आणली. किल्ल्याच्या भिंती, बुरूज, दारं पाहून होतात. मला तिथे रेंगाळावंसं वाटलं ते एका पुस्तकामुळे. तिसरा सोमेश्वर 1126 ते 1138 या काळात इथून राज्य करत होता, आणि त्याच काळात त्यानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर अध्यायांच्या त्या ग्रंथात हत्ती कसे पकडावेत इथपासून राजाच्या ताटात काय असावं इथपर्यंत सगळं आहे. गाणं, वाद्यं आणि नृत्य यांना त्यात मोठी जागा आहे. कोणतं गाणं कुठे शोभतं हे सांगताना राजा लिहितो की लग्नात धवल गावेत, उत्सवात मंगल गावेत, चर्या योग्यांनी गावी; आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात.

ही नोंद मी किल्ल्यातल्या एका पायरीवर बसून पुन्हा वाचली. ज्ञानेश्वरी 1290 ची. त्याआधी सुमारे दीडशे वर्षं, कन्नड ही ज्याच्या दरबाराची भाषा होती असा राजा, संस्कृतात लिहिताना, मुसळ घेऊन उखळापाशी उभ्या असलेल्या मराठी बाईच्या गाण्याची दखल घेतो. ते गाणं तो शास्त्रातल्या प्रबंधांच्या पंगतीला बसवतो. याच घराण्यातल्या जगदेकमल्लानं पुढे 'संगीतचूडामणी' हा खास संगीतावरचा ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' झाला, त्याच्या आधीचा हा टप्पा. अमेरिकेत कापसाच्या मळ्यातल्या गाण्याला विद्वानांच्या पोथीत जागा मिळायला फार काळ लागला. आपल्याकडे ती बाराव्या शतकात मिळाली होती, आणि ती देणारा माणूस सिंहासनावर होता. मराठी शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट पहिल्या धड्यात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सोमेश्वरानंतर काही दशकांतच याच कल्याणमध्ये बिज्जळाच्या राज्यात बसवण्णा आले. अनुभव मंटप या त्यांच्या सभेत अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि वेगवेगळ्या व्यवसायांतले शरण, म्हणजे शिवभक्त, एकत्र बसून बोलत. कुणी नावाडी, कुणी दोर वळणारा, कुणी चांभार. त्यांची वचनं छंदात बांधलेली नाहीत, तरी ती गायली जातात. मल्लिकार्जुन मन्सूरांनी तर ती रागदारीच्या मैफलीत आणली. बसवण्णांचं एक वचन मला जॅझच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा जवळचं वाटतं. तालाचं मोजमाप आपल्याला कळत नाही, वाद्यांचा हिशोब कळत नाही, तेव्हा देवा, जसं प्रेम येईल तसं गाईन, असा त्याचा भाव आहे. दुसऱ्या एका वचनात ते आपल्या देहाचीच वीणा करायला सांगतात: अंगाचा दांडा, डोक्याचा भोपळा, शिरांच्या तारा. त्रिपुरांतक तळ्याच्या काठानं, शरणांच्या गुहांकडे जाताना ही दोन वचनं माझ्या सोबतीला होती.

गावाबाहेरच्या एका वस्तीवर, ओळखीच्या ओळखीनं, एका आजींकडे गेले. वय ऐंशीच्या घरात. पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं, त्यावर आता फक्त हळदीकुंकू वाहिलेलं. त्यांनी आधी मराठी ओवी म्हटली, माहेरच्या भावावरची. मग श्वासही न मोडता त्याच चालीत कन्नड पद सुरू केलं. कन्नडमध्ये दळणाच्या गाण्यांना त्रिपदीचा साचा असतो, तीन ओळींचा. ओवीहून वेगळा, पण जात्याच्या फेऱ्यात दोन्ही बरोबर बसतात. मी विचारलं, "आजी, दोन भाषा कशा काय जमतात?" त्या म्हणाल्या, "माहेर उमरग्याकडलं, सासू कानडी. दळन तर येकच की गं बाई." मग सुनेला हाक मारून माझ्यासाठी भाकरी थापायला लावली.

दुसरी बाई समोर बसली की गाणं कसं बदलतं हेही त्यांनी दाखवलं. पहिलीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती अर्ध्यात उचलून पुरी करायची. कुणाचं माहेर कुठलं, कुणाचा मुलगा कुठे, त्याप्रमाणे नावं बदलायची. तयार साचा, आत भर त्या क्षणाची. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांना हे सांगावं लागलं नसतं.

बसवकल्याणहून परत हमरस्त्याला लागलं की हुमनाबाद, आणि त्याच्या शेजारी माणिकनगर. विरजा आणि गुरुगंगा या नद्यांच्या संगमावरचं हे ठिकाण 1845 मध्ये वसलं. इथले संत माणिकप्रभू यांचा जन्म 1817 सालच्या दत्तजयंतीचा, बसवकल्याणजवळच्या लाडवंती गावचा. 1865 मध्ये मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या संप्रदायाचं नाव सकलमत. सगळी मतं त्या एकाच सत्याकडे जातात, म्हणून कुठल्याच मताचा अव्हेर नाही. मुसलमान भक्त त्यांना सूफी संत महबूब सुबहानी मानत, लिंगायत बसवण्णांचा अवतार मानत, बाकीचे दत्तावतार. प्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी-उर्दू आणि संस्कृत अशा भाषांत पदं रचली, आणि पुढे गादीवर आलेल्या मार्तंड माणिकप्रभूंनी वेदान्त आणि पदरचना या दोन्हींत मोठं काम केलं.

दत्तजयंतीच्या दिवसांत इथे दरबार भरतो. हा दरबार गादीपुढे असतो आणि तो गाण्याचा असतो. मी गेले तेव्हा मंडपात सोलापूरचे, लातूरचे, हैदराबादचे, पुण्याचे लोक सतरंजीवर दाटीनं बसले होते. नाव असलेला गवई आणि गावचा भजनी, दोघांनाही तीच बैठक, तोच तंबोरा. इथे गाणं सादर करत नाहीत, हजेरी लावतात. एक गायक मराठी पद म्हणत होते. तबलजीनं एका जागी तिहाई थोडी आधी आणली, गायकांनी मान हलवून ती घेतली आणि पुढची ओळ समेच्या पलीकडून उचलली. श्रोत्यांतून 'वाहवा' उठली, तिच्यात पागोटं, टोपी आणि पदर सगळेच होते. मध्यरात्रीनंतर कन्नड पद आलं आणि त्यामागे उर्दू रचना आली. भाषा बदलल्याचं कुणी वेगळं सांगितलं नाही.

जॅझ आणि आपली रागदारी यांत फरक मोठा आहे, तो लपवू नये. जॅझच्या वादकाला अनेक स्वर एकाच वेळी वाजवणारी संगती बदलत न्यावी लागते; आपला गवई एका षड्जाच्या आधारानं एकेका स्वराशी खेळतो. पण ठरलेल्या चौकटीत त्या क्षणी सुचेल ते मांडायचं आणि सोबतच्या वादकानं त्याला उत्तर द्यायचं, ही वृत्ती दोन्हींत सारखी आहे. म्हणूनच 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खान यांच्यासोबत वाजवायला बसला. जॉन कोल्ट्रेननं 1961 मध्ये 'इंडिया' नावाची रचना ध्वनिमुद्रित केली आणि 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. या दोघांना कुणी माणिकनगरच्या मंडपात आणून बसवलं असतं, तर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं असतं.

पुढे बिदर. काळी माती संपून लाल जांभा दगड सुरू होतो. महमूद गवानचा 1472 चा मदरसा, त्याचा उरलेला एक मिनार आणि निळ्या फरशा; रंगीन महालातलं शिंपल्यांचं जडावकाम; हे सगळं प्रवासी पुस्तकांत भरपूर आहे. मला हबशी कोटाच्या टेकडीवर जायचं होतं. बहमनी राज्यात इराणी, तुर्क आणि दखनी यांच्याबरोबर आफ्रिकेतून आलेले हबशी सरदारही होते, आणि ही टेकडी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. ज्या खंडातल्या माणसांना साखळदंडात अमेरिकेला नेलं आणि ज्यांच्यामुळे जॅझ जन्मलं, त्याच खंडातली माणसं समुद्रमार्गे दख्खनलाही आली आणि इथे सेनापती झाली. टेकडीवरच्या कबरींपाशी उभं राहून मला या दोन प्रवासांतलं अंतर फार जाणवलं.

गुरु नानक झीरा साहिबला कीर्तन चालू होतं. गुरु नानक दक्षिणेच्या यात्रेत इथे आले तेव्हा रबाब वाजवणारा मर्दाना सोबत होता, अशी परंपरा आहे. मुसलमान रबाबिया आणि शिखांचे आद्यगुरू यांची ही जोडी या गावाला शोभणारीच आहे. लंगरमध्ये जेवून मी अष्टूरला गेले.

अष्टूर बिदरच्या पूर्वेला काही किलोमीटरवर. शेतांच्या मधोमध बहमनी सुलतानांच्या कबरींचे घुमट ओळीनं उभे आहेत. त्यांतला अहमदशाह वलीचा घुमट आतून सोनेरी आणि शेंदरी रंगांनी रंगवलेला आहे, भिंतींवर शाह निमतुल्लांच्या फारसी ओळी आहेत. अहमदशाहनं राजधानी कलबुर्गीहून बिदरला आणली. 1436 मध्ये तो वारला. लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. दर वर्षी होळीच्या सुमारास, हिंदू पंचांगाप्रमाणे, त्याचा उरूस भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचा जंगम मिरवणुकीनं इथे येतो. तो शंख फुंकतो, कबरीवर फुलं वाहतो. सुलतानाच्या उरुसात जंगमाचा शंख. मी ज्या दिवशी गेले तेव्हा उरूस नव्हता, पण राखणदारानं हे इतक्या सहज सांगितलं की जणू दुसऱ्या कुणी शंख फुंकणं त्याला अशक्यच वाटत होतं.

बिदर-कलबुर्गी रेल्वे 2017 मध्ये सुरू झाली. हुमनाबाद, मग बोगदा, मग कमलापूर. कमलापूरच्या लाल केळ्यांचा घड डब्यात कुणीतरी आणला आणि सगळ्या बाकावर वाटला. कलबुर्गीत उतरल्यावर पुन्हा काळी जमीन आणि तुरीचे ट्रक.

ख्वाजा बंदानवाज गेसूदराज 1321 मध्ये दिल्लीत जन्मले, बालपण दौलताबादेला गेलं. त्यांचे वडील खुलताबादेत पुरलेले आहेत, म्हणजे मराठी मातीशी त्यांचं नातं जुनं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिल्ली सोडून ते दक्षिणेला आले, फिरोजशाह बहमनीच्या काळात गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, स्थिरावले आणि 1422 मध्ये तिथेच देह ठेवला. चिश्ती परंपरेत समाला, म्हणजे ईश्वरस्मरणाच्या गाण्याला, मानाची जागा आहे. दरबारी मौलवींचा त्याला विरोध असे. ख्वाजांच्या संभाषणांचा 'जवामि-उल-कलिम' हा संग्रह आहे. त्यात हिंदवी गाण्याचा स्वभाव मऊ आणि काळजाला भिडणारा असल्याचं म्हटलेलं आहे. फारसी जाणणाऱ्या सूफीनं देशी बोलीतल्या गाण्याला दिलेली ही पावती मला सोमेश्वराच्या नोंदीची बहीण वाटते.

आणि इथे जातं पुन्हा भेटतं. दखनीत 'चक्कीनामा' नावाची रचना असते. बायकांनी दळताना म्हणायची, आणि तिच्यात सूफी विचार भरलेला. जात्याचा खुंटा अलिफ अक्षरासारखा उभा, म्हणून तो अल्लाची आठवण. आस, पाळू, दाणा, पीठ, सगळ्याला अर्थ. एक चक्कीनामा परंपरेनं बंदानवाजांच्या नावावर आहे. विजापूरच्या सूफींनी पुढे अशा रचना भरपूर केल्या. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी दाखवून दिलं आहे की दख्खनच्या खेड्यांत सूफी विचार मोठ्या प्रमाणात या गाण्यांतून आणि बायकांमधून पसरला. मराठी ओवी, कन्नड त्रिपदी, दखनी चक्कीनामा. एकच दगड, तीन भाषा.

दर्ग्यात संध्याकाळी कव्वाल बसले. मुख्य गायक एक ओळ धरतो, साथीदार टाळ्यांवर ती परत टाकतात, आणि एखादा श्रोता त्या ओळीवर हलला की कव्वाल पुढे जात नाही. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. मध्येच तो दुसऱ्याच कवीचा शेर आणून त्या ओळीला जोडतो. याला गिरह लावणं म्हणतात. त्या दिवशी फारसी रचनेला दखनी गिरह लागली आणि माझ्या शेजारचे आजोबा, डोक्याला फेटा, कपाळाला विभूती, डोळे मिटून डोलू लागले.

कलबुर्गीच्या दक्षिणेला कडकोळच्या संत मडिवाळप्पांची तत्त्वपदं अजून एकतारीवर गायली जातात. त्यांच्या शिष्यांत चन्नूरचे जलालसाहेब होते. मोहरमात या भागातल्या गावांत हलगीच्या तालावर कन्नड रिवायत पदं म्हणतात, आणि म्हणणारे बहुतेक हिंदू असतात. भीमा-अमरजा संगमावरच्या गाणगापुरात मराठी माणूस नेहमी जातो. गुरुचरित्रात नृसिंह सरस्वतींकडे बिदरचा मुसलमान राजा येतो आणि त्याची व्याधी बरी होते, ही कथा त्यानं ऐकलेली असते. पण बिदर तिथून किती जवळ आहे आणि दोन्ही गावांना जोडणारी गाणी किती आहेत, हे पाहायला तो सहसा थांबत नाही. पालखीला नमस्कार करून परतीची गाडी पकडतो. त्यानं एक मुक्काम वाढवावा, एवढं माझं मागणं आहे.

बडी बोल्डेन हा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक जॅझचा पहिला मोठा वादक मानला जातो. त्याचं एकही ध्वनिमुद्रण उरलेलं नाही. जॅझची पहिली तबकडी निघाली 1917 मध्ये, तेव्हा त्याचं वाजवणं संपून बरीच वर्षं झाली होती. आपल्याकडे पुण्याच्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यामुळे मराठी ओवीवर बोल्डेनसारखी वेळ आली नाही. पण पिठाची गिरणी आल्यावर जातं थांबलं, आणि एका बैठकीत दोन-दोन भाषांतून गाणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं मराठी गाणं एका राज्यात आणि कन्नड गाणं दुसऱ्या राज्यात असं वेगवेगळं नोंदवून भागणार नाही, कारण त्यांच्या तोंडी ती एकमेकांत गुंफलेली आहेत. मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी एकाच पडवीत एकत्र बसून हे काम करायला हवं, आणि लवकर.

ज्यांना हे सगळं कानांनी ऐकायचं आहे त्यांनी माणिकनगरला मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी दोन दिवस पोचावं. अष्टूरचा उरूस होळीच्या आगेमागे, बंदानवाजांचा जिल्कादच्या 15 ते 17 तारखांना. जिल्काद चांद्रमास असल्यानं इंग्रजी तारीख दर वर्षी मागं सरकते, ती आधी विचारून घ्यावी. उमरग्याहून बस मिळतात, सोलापूरहून कलबुर्गीला रेल्वेनं जाता येतं, आणि हुमनाबादला उतरलं तर माणिकनगर अगदी शेजारी आहे.